श्रीखंडाएवढं घट्ट

'अमेरिकेत काय काय पाहिलंस?' असं कुणी विचारलं की मी पटकन विषय बदलते. मिलवॉकीजवळच्या एका गॅरेजमध्ये दहा दिवस काठीने कप ढवळत होते, हे कुणाला सांगणार!

माझा मावसभाऊ तिथे विमान बांधतोय. खरंखुरं, माणसं बसतील असं. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये आपण पेपरात पाहिलं होतंच, पण आपल्या घरातला कुणी हे करेल असं वाटलं नव्हतं. दादाचं विमान म्हणजे 'लाँग-ईझी'. बर्ट रूटानचं डिझाइन, पहिलं उड्डाण १९७९ चं. आत फोम, वर काचेचं कापड आणि सगळ्याला धरून ठेवणारं इपॉक्सी. सीट्स दोन, एकामागे एक. मागची मावशीसाठी.

तिथल्या नियमानुसार अशा विमानाचं अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं असावं लागतं. मी हौशी होतेच, शिवाय फुकट!

पहिल्या दिवशी दादाने माझ्या ताज्या मॅनिक्युअरवर नायट्राइलचे ग्लव्ह्ज चढवले. कच्चं इपॉक्सी पुन्हापुन्हा कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर पाठ सोडत नाही. विमान अर्धं राहतं. हाताला लागलंच तर अ‍ॅसिटोनने पुसायचं नाही (ते आणखी आत जातं), साबणाने धुवायचं. आणि पावडरचा डबा उघडण्याआधी मास्क.

पावडरी दोन. काचेचे पोकळ, सूक्ष्म गोळे मिसळले की 'मायक्रो': हलकं, घासायला सोपं, खड्डे बुजवायला छान, पण ताकद नाही. कापसाचे बारीक तंतू मिसळले की 'फ्लॉक्स': हे जोडासाठी. दोन्हींची अदलाबदल म्हणजे संकट. घट्टपणा मात्र मला लगेच कळला. खड्ड्यात भरायचं मायक्रो श्रीखंडासारखं हवं, काठी उभी धरली तरी ओघळता कामा नये.

आधी रेझिन आणि हार्डनर काट्यावर मोजून दोन मिनिटं ढवळायचं, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. पावडर नंतर. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर उलट ते कच्चंच राहतं. आणि तयार मिश्रण कपात ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. साठून राहिलं की ते आपलंआपण तापतं. माझ्या एका कपातून चक्क धूर निघाला! मग ताटलीत पातळ पसरायला शिकले.

चौथ्या दिवशी मागच्या सीटजवळची आडवी भिंत फ्लॉक्सने चिकटवायची होती. कप माझा. फोन वाजला, मी मिनिटभरच ढवळलं, आणि शेवटी कपाच्या कडेचं उरलंसुरलं खरवडून जोडात भरलं. म्हटलं, वाया कशाला घालवा? नेमकं कडेला न मिसळलेलं रेझिन असतं.

दादा प्रत्येक कपावर तारीख घालून उरलेलं जपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या कपात नख दाबलं. खूण उमटली.

"दोन मिनिटं ढवळलंस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! कपाचा दोष, हवेचा दोष, काहीही चाललं असतं. मागच्या सीटकडे बघून मी म्हटलं, "नाही. एकच."

तो ओरडला नाही. ग्लव्ह्ज घातले, मास्क लावला आणि छिन्नी घेतली. कच्च्या इपॉक्सीची धूळ जास्त वाईट, म्हणून घासायचं नाही, खरवडूनच काढायचं. अख्खी दुपार गेली. मावशी चहा घेऊन दारापर्यंत आली, आमचे चेहरे बघून परत गेली.

संध्याकाळी नवा कप. या वेळी फोन स्वयंपाकघरात आणि समोर घड्याळ. तळ, कडा, काठीसुद्धा पुसून घेतली. मग फ्लॉक्स.

दुसऱ्या दिवशी दादाच्या आधी मीच उठले आणि कपावर नख मारलं. टक्क वाजलं.