धरणाच्या यादीत कबरी कुठे आहेत?



दरवर्षी २ नोव्हेंबरला आम्ही पाचूबंदरची माणसं दफनभूमीत जातो. कबरी साफ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. ज्या घरातला माणूस दर्यात गेला आणि त्याचं शरीरसुद्धा हाती लागलं नाही, त्या घराला विचारा. मेणबत्ती लावायला चार हात जागा असणं म्हणजे काय, ते तेच सांगतील.

आता पाण्याचं बोलू. नळ कोरडा राहिला की आपण ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो. नव्या सूर्या योजनेत वसई-विरारचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटर. पुढचं पाणी विक्रमगड तालुक्यातल्या देहरजी धरणातून आणायचंय. म्हणजे आपला हंडा भरायला तिकडची घरं उठणार. घरं उठली की त्यांच्या स्मशानाचं, पूर्वजांच्या नावाने उभ्या केलेल्या चिऱ्यांचं काय? आपण वसईकरांनी हे कधी विचारलंय?

भूसंपादनात घर मोजतात, विहीर मोजतात, आंब्याचं झाडसुद्धा मोजतात. २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिलंय की, नव्या वसाहतीत त्या त्या समाजाच्या रीतीप्रमाणे दफनभूमी किंवा स्मशानभूमी हवी. चांगलंच आहे. पण ही जागा पुढे मरणाऱ्यांसाठी. आधीच मातीत झोपलेत त्यांना कोण विचारणार? ते त्या यादीत मला तरी दिसत नाही.

गोव्यात साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेलं. तिथलं प्राचीन महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभं केलं. म्हणजे मनात आलं तर हलवता येतं. गावकरी मात्र आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत जातात. हिंदू सोमेश्वराच्या उत्सवाला, ख्रिस्ती चॅपलच्या सणाला. नवी घरं मिळून कित्येक वर्षं झाली, तरी ओढ सुटली नाही.

तिकडे अमेरिकेत १९३० च्या दशकात नॉरिस धरण बांधताना पाच हजारांहून जास्त कबरी नातेवाइकांना विचारून हलवल्या. नव्वद वर्षांपूर्वी!

कोणी म्हणेल, मेलेल्यांसाठी जित्यांना तहानलेलं ठेवायचं का? अजिबात नाही. पाणी आम्हालाही हवंय. आणि हाडं हलवणं आम्हाला नवीन नाही. दफनभूमीत जागा पुरत नाही, तेव्हा जुनी कबर उघडावीच लागते. पण ती घरच्यांना कळवून, प्रार्थना करून. रातोरात जेसीबी घालून नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पाणी अडवण्याआधी प्रत्येक स्मशान, कबर, चिरा यांची नोंद गावकऱ्यांना सोबत घेऊन करा. सातबाऱ्यावर नसलं तरी करा. हलवायचं की तिथेच ठेवून शेवटचा विधी करायचा, ते घरच्यांना ठरवू द्या. खर्च प्रकल्पाने उचलावा. आणि ही मागणी फक्त विक्रमगडच्या माणसाने नाही, पाणी पिणाऱ्या वसईकराने करायला हवी.

उद्या कोणी आपल्या दफनभूमीला हात लावला, तर अख्खं पाचूबंदर रस्त्यावर उतरेल. मग त्यांच्या माणसांसाठी एक निवेदन द्यायला आपल्याला काय जड आहे?