गायनाची बैठक व मोबाइलवरील चित्रण

गेल्या हिवाळ्यात वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही भोरहून पुण्यास एका लहानशा संगीत मंडळाच्या बैठकीस गेलो होतो. दिवाणखाना जुना, श्रोते पन्नास-साठ, गायिका तरुण परंतु व्यासंगी. तंबोरे जुळले, विलंबित ख्याल सुरू झाला, आणि पाहता पाहता पुढील रांगांतून दहा-बारा मोबाइल उंचावले गेले. आमच्या शेजारी बसलेल्या मुलास गायिकेचा चेहरा दिसेना. तिचे बोटभर चित्र तेवढे पुढील गृहस्थांच्या हातात दिसत होते. मध्यंतरापूर्वी तिने हात जोडून विनंती केली, तेव्हा बहुतेक मोबाइल खाली गेले, काही गेले नाहीत. खेदाची गोष्ट ही की, न गेलेल्यांत दोन आमच्याच शाळेचे होते.

परतताना कापूरव्होळच्या फाट्यावर चहा घेत असता आम्ही त्या दोघांस जाब विचारला. एकाने नम्रपणे, परंतु न कचरता उत्तर दिले, "सर, घरी आजी आहे. तिला गाण्याची आवड आहे, पण पुण्यास येववत नाही. तिला काय दाखवू?" या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

चित्रण मुळातच वाईट असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. १९११ साली पुण्यास भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे ते गुरू. परंतु त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. आणि यंत्र तर त्या काळी होते! १९०२ सालीच कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले होते. बुवांच्या एखाद्या बैठकीत कोणी यंत्र घेऊन बसला असता, तर आज आपण त्यास दुवा दिला असता.

इतके दूर जावयास नको. आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पहाटे जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या जात, त्या पिठाच्या गिरण्या आल्यावर घरोघरी मुक्या झाल्या. फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइट्वाँ व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यापासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहाने त्या क्रमशः प्रसिद्ध केल्या, काही गाणाऱ्या स्त्रियांकडे पुन्हा जाऊन त्यांचे चित्रणही केले. तेथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते. हा मुद्दा आम्हांस मोठा वाटतो.

मग त्या दिवशी दिवाणखान्यात बिघडले काय? आमच्या मते, श्रोते थोडे असले म्हणजे गवई धाडस करतो. अवघड तान घेतो, ती समेवर नीट उतरली नाही तर हसतो, पुन्हा घेतो; समोरचे जाणकारही त्याजबरोबर हसतात. हे मोठ्या मांडवात होत नाही, आणि लहान बैठकीचे सारे मोल यातच आहे. परंतु तीच फसलेली तान उद्या तुकडा होऊन हजारोंच्या हातात फिरणार हे कळले, की तो शहाणपणाने ठरलेलेच गातो. यंत्र कलेस वळण लावते हे नवे नाही. जुन्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक मावत नसे, म्हणून रागही तेवढ्यात बसवावा लागे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी तेवढीच आहे. आता अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुरे होतो.

शिवाय त्या चित्रणात हाती लागते तरी काय? मोबाइलची रचना मुख्यतः बोलणे नीट ऐकू यावे अशी. तो पुष्कळदा हळू आवाज आपणहून वर ओढतो व मोठा दाबतो. मंद्रातील कुजबुज आणि तार षड्जावरील झेप एकाच पातळीवर येतात. त्या मुलाचे चित्रण आम्ही गाडीतच ऐकले. तबला, खोकला, पुढच्या गृहस्थांची 'वाहवा' आणि मधून मधून गाणे!

कायद्याचेही एक वचन पालकांनी ध्यानात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांस आपल्या प्रत्यक्ष सादरीकरणावर हक्क मिळाला. केवळ स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण त्यातून वगळले आहे. संमतीवाचून ते जगास वाटणे वगळलेले नाही. आजीस घरी दाखविणारा नातू गुन्हेगार नव्हे. परंतु तेच चित्रण त्याने चारचौघांच्या मोबाइलवर धाडले, तर काय होते हे त्या मुलास आमच्याहून अधिक ठाऊक होते. गाडी घाटाशी आल्यावर त्याने ते सांगितले.

वेल्ह्याकडील एका गावी नात्यातील हळदीच्या प्रसंगी त्याच्या आजीने जात्यापाशी बसून ओव्या म्हटल्या. कोणी चित्रण केले, ते फिरत फिरत कोठल्या कोठे गेले. अनोळखी माणसांनी तिच्या पडलेल्या दातांवर व डोक्यावरून घसरलेल्या पदरावर विनोद केले. ते घरातल्याच एका पोराने तिला वाचून दाखविले. तेव्हापासून तिने तोंड मिटले ते मिटलेच. "आणि तरी तू आज मोबाइल वर धरलास?" असे आम्ही विचारले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

या वर्षीच्या आमच्या स्नेहसंमेलनात गायनाचे चित्रण एकच यंत्र करील. ते मागे तिकाटीवर असेल, आवाज वेगळ्या मायक्रोफोनने घेतला जाईल, गाणाऱ्यास आधी विचारले जाईल आणि पहिली प्रत त्यासच मिळेल. इतरांचे मोबाइल खिशात. काही पालकांस हे जाचक वाटेल व आपल्या मुलाचे चित्र आपणच काढावे अशी हौस असेल. ती आम्ही समजू शकतो, परंतु मागील रांगेतील आईबापांसही मूल पाहावयाचे असते.

तो मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत वही घेऊन आजीपाशी बसला. पहिले आठ दिवस ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "लिहून घे. आवाज पण घे. तोंड नको." त्याने मोबाइल जात्याशेजारी पालथा ठेवला. ते मुद्रण त्याने तिला विचारून आम्हांस ऐकविले. चौदा ओव्या आहेत. सहाव्या ओवीच्या मध्यावर कोंबडा आरवतो, आणि आजी त्याचे आरवणे संपेपर्यंत थांबते.