कान कोणाचा, कारभार कोणाचा?

तीन वर्षे झाली, माझ्या डाव्या कानात एक रातकिडा ओरडतो आहे. वर्गातल्या गलक्यात तो लपतो. रात्री दिवा मालवला की राज्य त्याचेच! डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात. बाहेर आवाज नाही, कानात मात्र आहे. सांगून कोणाला पटावे?

अशा रोग्यांसाठी इंग्लंडात १९७९ साली ब्रिटिश टिनिटस असोसिएशन निघाली. तिच्याविषयी वाचताना माझा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. विश्वस्त कोण असावेत, हा होता. तिथे धर्मादाय संस्थेच्या विश्वस्ताला सहसा पगार नसतो. पण पैसा संशोधनाला द्यावा की रोग्याला धीर देण्याला, हे ठरवतो तोच.

शहाणे म्हणतात, विश्वस्त वकील हवा, हिशेबी हवा. रोगी भावनेच्या आहारी जातो. अहो, हिशेबनीस पगारावर मिळतो! रात्री तीनला कान धरून बसलेला माणूस पगारावर कुठून आणाल? त्याच देशात १९११ साली बहिऱ्यांची मोठी संस्था काढणारा पेढीवाला लिओ बॉन स्वतः बहिरा होता. खासदार जॅक ॲशली १९६७ साली शस्त्रक्रियेनंतर ठार बहिरे झाले, तरी १९९२ पर्यंत कॉमन्स सभागृहात अपंगांसाठी भांडत राहिले. हे काय भावनेच्या आहारी गेले?

नुसता कान वाजतो म्हणून कोणी कारभारी होत नाही, हे मान्य. माझ्या हाती कोणी शाळेचा जमाखर्चही देऊ नये. जाणकार अवश्य बसवा. पण निम्म्या खुर्च्या आमच्या असोत. शांततेची किंमत, ती ज्याची हरवली त्यालाच विचारावी.