रक्तातले लोह आणि चुंबकाचे कडे

जोगेश्वरी स्थानकाबाहेर असो की एखाद्या आरोग्य प्रदर्शनात, चुंबकाची कडी, पट्टे आणि गाद्या विकणाऱ्याचे बोलणे ठरलेले असते. रक्तात लोह आहे, चुंबक ते खेचतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारते. यातले पहिले वाक्य खरे आहे. प्रौढाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातले बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये. मात्र ते खिळ्यातले लोखंड नव्हे.

याचा पुरावा एमआरआयच्या खोलीत आहे. २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. अशाच यंत्रांत रोज माणसे अर्धा-अर्धा तास पडून असतात. त्यांच्या रक्ताला काही होत नाही. तिथे जे घडत नाही, ते मनगटावरच्या कड्याने कसे घडावे?

खिळ्यात लोहाचे असंख्य अणू एकमेकांना धरून एकाच दिशेला वळतात. हिमोग्लोबिनमध्ये प्रत्येक अणू हीमच्या चौकटीत एकटा बसलेला असतो. फॅरेडेने १८४५ मध्येच वाळलेले रक्त चुंबकाजवळ धरून पाहिले होते; ओढ दिसली नाही. १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरिएल यांनी नीट मोजले. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे क्षीणसे ओढले जाते, प्राणवायू घेतलेले किंचित दूर ढकलले जाते. गंमत अशी, की प्राणवायू स्वतः चुंबकाकडे ओढला जाणारा वायू आहे. दोन चुंबकीय गोष्टी भेटतात आणि चुंबकत्वच नाहीसे होते. १९६४ मध्ये जोसेफ वाइस यांनी सुचवले, की लोह आपला एक इलेक्ट्रॉन प्राणवायूला देते, प्राणवायू फ्री रॅडिकल बनतो, आणि दोघांकडचे एकटे इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध फिरकीने एकमेकांना खोडून काढतात. पॉलिंग यांना हे पटले नाही. वाद दीर्घकाळ चालला. लोह-पॉर्फिरिन संयुगांचे चुंबकत्व आपल्याच शहरात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, समरेश मित्र यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात आणि हृदयात साठते. तिथे अणूंचे गठ्ठे होतात, त्यामुळे एमआरआयचा संकेत लवकर विझतो. ‘टी-टू स्टार’ नावाची ही मोजणी २० मिलिसेकंदांखाली आली, तर हृदयात लोह साठल्याचे समजावे. १०च्या खाली हृदय थकण्याचा धोका मोठा. नुसती फेरिटिनची तपासणी इथे चकवू शकते, कारण हृदय बराच काळ तक्रार करत नाही. वेळीच कळले तर लोह काढणारी औषधे वाढवता येतात.

बोरिवलीत महापालिकेचे थॅलेसेमिया केंद्र आहे, ही पश्चिम उपनगरांची मोठी सोय. पण सरकारी एमआरआयच्या रांगेत अपघाताचे रुग्ण आणि मणक्याचे आजार पुढे असतात. वरून धडधाकट दिसणारे मूल मागे राहते. नियमित रक्त घेणाऱ्या मुलांसाठी दहाव्या वर्षाच्या आसपासपासून वर्षातून एक तारीख राखून ठेवली पाहिजे, आणि ती रक्ताच्या कार्डावरच लिहून दिली पाहिजे.