लेखणीस चीर कां पडली?

नातवानें हौसेनें आणलेली हातघडणीची शिसवी लेखणी आमच्या पेडगांवच्या वैशाखांत उभी चिरली. घरांत सर्वांनीं लांकडास दोष दिला. मला तो पटला नाहीं. लांकूड पावसाळ्यांत ओल शोषून फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. तेंही रेषांच्या आडव्या दिशेनें अधिक, लांबींत नाममात्र. आंतील पितळी नळीस ओल शिवत नाहीं. ती जागची हटेना, म्हणून आकसणारें लांकूड फाटलें. यास्तव लांकूड आधीं पुरें वाळवावें, नळीभोंवतीं लवचिक चिकटीस थोडी जागा ठेवावी आणि टोंकांसह सर्वत्र लाखेचा हात द्यावा. जुना बोरू एकाच द्रव्याचा; त्यास हें दुःख नव्हतें. दोन द्रव्यें एकत्र नांदवावयाचीं, तर दोहोंचे स्वभाव आधीं जाणले पाहिजेत. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस हें निराळें सांगणें नको.