वाघाला घर हवे, तशी वाटही हवी

टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ वाघ जून २०१९ मध्ये नव्या घराच्या शोधात निघाला. हिंगोलीच्या शिवारांतून वाट काढत, पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथे जंगल होते, शिकार होती. वाघीण मात्र नव्हती. बाहेरून वाघीण आणून सोडावी का, यावर नुसतीच चर्चा झाली. अखेर वाघच निघून गेला आणि २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात दिसला.

यातून धडा काय? पिंजऱ्यातून आणून वाघ सोडता येतो, पण तेवढ्याने अभयारण्य त्याचे घर होत नाही. आधी टिपेश्वर, पैनगंगा, इसापूर ही जंगले जोडणारा भ्रमणमार्ग जपा. महामार्गांखाली वन्यप्राण्यांसाठी वाट ठेवा. गाय-बैल मारले गेले तर शेतकऱ्याला भरपाई वेळेत द्या. शिवारातून वाघ सुखरूप जाणे शेवटी त्याच्याच हाती आहे.