कॅज्युअल्टीत ‘जिन्यावरून पडला’ सांगू नका

मोटारसायकलचा अपघात झाला की जखमीला घेऊन गेलेल्या माणसाला कॅज्युअल्टीतले डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ आपल्या वस्त्यांमध्ये या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे. ‘जिन्यावरून पडला.’ पोराकडे लायसन नसते, गाडी मित्राची असते, तिघे बसलेले असतात, किंवा नुसती पोलिसांची धास्ती असते. पोलीस ठाण्यात आपल्या माणसाला कसे वागवले जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ही धास्ती उगाच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या एका वाक्याची किंमत घराला पुढे कितीतरी वर्षे मोजावी लागते.

ते वाक्य कुठे जाते ते पाहू. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात. पेशंट घरी गेल्यावर तो कागद दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात जातो. जिथे हे काम नीट चालते तिथे एक कर्मचारी त्यावरून कोड घालतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ नावाच्या यादीतले असतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत जखमेला दोन कोड लागतात. एक काय मोडले त्याचा, दुसरा कशाने मोडले त्याचा. गुडघ्याखालचा पाय मोडला तर ‘एस ८२’. मोटारसायकलला कार किंवा पिकअपची धडक बसली तर ‘व्ही २३’, ट्रक किंवा बसची बसली तर ‘व्ही २४’, कुणाची धडक न बसता गाडी घसरली तर ‘व्ही २८’. त्यापुढचा आकडा चालवणारा कोण आणि मागे बसलेला कोण हे सांगतो. जिन्यावरून पडल्याचा कोड मात्र ‘डब्ल्यू १०’.

कोड घालणाऱ्याने पेशंट पाहिलेला नसतो. कागदावर जिना असेल तर तो जिनाच लिहिणार. आणि कागदावर नुसते ‘आरटीए’, म्हणजे रस्ता अपघात, एवढेच खरडलेले असेल तर तो ‘कुठल्या तरी वाहनाचा अपघात’ असा गोळाबेरीज कोड घालून मोकळा होणार. ‘आरटीए’ लिहून पुढच्या पेशंटकडे वळणाऱ्या डॉक्टरांवर गर्दीचा ताण असतो, हे मान्य. पण ‘ट्रकने मागून ठोकले, पेशंट मागे बसला होता’ हे लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही, असे आमचे मत आहे.

आता भरपाईचे बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यात त्यासाठी ६ महिन्यांची मुदत आहे. ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातातील जखमींसाठी ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजना आणली. यातले काहीही जिन्यावरून पडलेल्याला मिळत नाही. दावा उभा राहिला की विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तो पहिला केसपेपर मागतो. नंतर कितीही खरे सांगितले तरी ‘त्या दिवशी तर तुम्हीच जिना म्हणालात’ हे ऐकावे लागते.

ज्या भीतीपोटी आपण जिना सांगतो, तिच्यातले काही न्यायालयाने आधीच दूर केले आहे. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन नव्हते एवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. तिघे बसले होते एवढ्यावरूनही तसे ठरत नाही, हे २०२० मध्ये सांगितले. दंड होईल तो होईल, पण भरपाईचा हक्क त्याने आपोआप जात नाही. अल्पवयीन पोराचे प्रकरण जड आहे. तिथे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो. त्याच्या हाती किल्ली द्यायचीच नव्हती, पण कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. (१४ एप्रिलच्या रॅलीत बिनहेल्मेटची तीन-तीन पोरे एका गाडीवर पाहून टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांनाही आम्हाला हेच म्हणायचे आहे.)

पोलिसांचे कागद होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. आधी जीव, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवून दिले आहे. जखमीला पोहोचवणाऱ्या वाटसरूवर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

या यादीत आणखी एक आकडा आहे आणि आमचा खरा राग त्याबद्दल आहे. अपघाताच्या वेळी माणूस काय करत होता, हे नोंदवायची सोय तिथे आहे. त्यात ‘२’ म्हणजे कमाईचे काम करताना. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे पाठीवर खोके घेऊन जेवणाची पार्सले पोहोचवतात. त्यातले कुणी पडले तर तो काम करताना पडला, हे आम्ही पाहिलेल्या एकाही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नव्हते. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. दवाखानाही त्याला नुसता पेशंट म्हणतो. मग हे काम किती हाडे मोडते हे सरकारला सांगणार कोण?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात. ठाण्यापर्यंत न गेलेला, वस्तीत कुबडी घेऊन चालणारा माणूस त्यात नाही. सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत कशाने ठोकले, चालवत होता की मागे, हेल्मेट होते का, कामावर होता का, असे चार रकाने छापावेत, ही मागणी आपल्या मंडळांनी निवेदनात घालायला हवी.

तोवर सोबत गेलेल्याने ‘काय झालं’चे उत्तर खरे आणि पूर्ण द्यावे आणि कागदावर काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगावे. एमएलसी झाली का, तिचा नंबर काय, हे विचारून घ्यावे. घरी येताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढावी. रेकॉर्डची मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत ते द्यायचे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

डोक्याला मार लागलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांनी घरीच गेला, तर हे कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. दाखल्यावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहून देत असतील तर सही होण्याआधी अपघाताची तारीख दाखवा आणि पोलिसांना कळवून शवविच्छेदनाचे विचारा. अंत्यविधीची घाई करणारे नातेवाईक असतातच. त्यांना दोन तास थांबवा.